रिकाम्या संगणकांचा हिशेब

११ ऑक्टोबर २०२४ रोजी डब्लिनमधल्या एका डेटा सेंटरमधून निकाल आला: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या, त्यातून १ वजा करा, उरते ती संख्या बहुधा मूळ संख्या आहे. दुसऱ्या दिवशी टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ इथल्या यंत्राने तीच संख्या वेगळ्या कसोटीवर तपासली आणि ‘बहुधा’ गळून पडलं. ४,१०,२४,३२० अंकांची ही संख्या माहीत असलेल्या मूळ संख्यांमध्ये सर्वांत मोठी ठरली. एन्व्हिडिया कंपनीत पूर्वी काम केलेल्या ल्यूक ड्युरांट यांनी पदरचे पैसे घालून सतरा देशांतल्या डेटा सेंटरांमध्ये ग्राफिक्स प्रोसेसर भाड्याने घेतले होते. त्यांतल्या एकाची ही कमाई.

बातमी गणिताची म्हणून छापून आली, पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती. ड्युरांट ज्या ‘गिम्प्स’ प्रकल्पाचे स्वयंसेवक, तो जॉर्ज वोल्टमन यांनी जानेवारी १९९६ मध्ये सुरू केला. तेव्हापासून २०१८ पर्यंत या प्रकल्पाने सतरा मूळ संख्या शोधल्या आणि त्या सगळ्या घरच्या, कॉलेजच्या, ऑफिसच्या साध्या पीसीवर सापडल्या. अठरावी मात्र भाड्याच्या यंत्रावर. मग हौशी माणसाच्या टेबलावरच्या संगणकाला विज्ञानाच्या कामात अजून काही जागा आहे का? माझ्या मते आहे, पण ती पूर्वीपेक्षा अरुंद झाली आहे. आणि ती कुठे आहे हे खोक्यावर छापलेल्या गिगाहर्ट्‌झवरून कळत नाही.

घरचे रिकामे संगणक विज्ञानाच्या कामाला लावण्याच्या या चळवळीचा सुवर्णकाळ बहुतेकांना आठवतो तो सेटी-ॲट-होममुळे. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १७ मे १९९९ रोजी तो खुला केला. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीवर जमा होणारे संकेत टेपवर भरून, चक्क टपालाने, बर्कलेला यायचे. तिथे त्यांचे १०७ सेकंदांचे, अरुंद वारंवारतेचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा जगभरच्या पीसींना पाठवायचा. फाइल साधारण ३४० केबीची, म्हणजे डायल-अपच्या जमान्यातही परवडणारी. आपण चहाला उठलो की पडद्यावर रंगीत आलेख हलायला लागायचा आणि संगणक परग्रहवासीयांच्या शोधात गुंतायचा. पन्नास लाखांहून जास्त लोकांनी तो उतरवून घेतला. त्याच सुमारास, जानेवारी १९९९ मध्ये, डिस्ट्रिब्यूटेड-डॉट-नेटच्या स्वयंसेवकांनी एका खास बनवलेल्या यंत्राच्या साथीने ५६ बिटांची ‘डेस’ कूटलिपी २२ तास १५ मिनिटांत फोडली. अमेरिकी सरकारची ही अधिकृत कूटपद्धत आता भरवशाची राहिली नाही, हे त्या दिवशी पुन्हा एकदा स्पष्ट झालं.

ऑक्टोबर २००० मध्ये स्टॅनफर्डमधून विजय पांडे यांनी प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारा फोल्डिंग-ॲट-होम सुरू केला. २००२ पासून बर्कलेच्या डेव्हिड अँडरसन यांनी ‘बॉइंक’ ही सामाईक चौकट उभी केली आणि कुठल्याही शास्त्रज्ञाला आपला प्रकल्प तिच्यावर बसवता येऊ लागला. ऑक्सफर्डचे हवामान प्रारूप, सर्नचा एलएचसी-ॲट-होम, जर्मनीतल्या हॅनोव्हरहून चालणारा आइनस्टाइन-ॲट-होम, वॉशिंग्टन विद्यापीठाचा रोझेटा, त्या वेळी आयबीएमचा असलेला वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड हे सगळे २००३ ते २००५ या तीन वर्षांतले.

कुठलं काम असं वाटून देता येतं? ज्याचे तुकडे एकमेकांशी बोलत नाहीत ते. उद्याच्या पावसाचा अंदाज वाटून देता येत नाही. पृथ्वीवरच्या प्रत्येक चौकोनाला शेजारच्या चौकोनाची हवा दर पावलाला कळावी लागते आणि घरच्या इंटरनेटवरून तो निरोप पोचेस्तोवर पाऊस पडूनही जाईल. म्हणून पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत ‘प्रत्यूष’ आणि आता ‘अर्क’सारखे महासंगणक लागतात. त्यांचं खरं वैशिष्ट्य त्यांच्या भागांमधल्या वेगवान जोडणीत असतं असं म्हटलं तरी चालेल. पण हवामान प्रारूपातले अनिश्चित आकडे थोडेथोडे बदलून तेच प्रारूप हजारो वेळा चालवायचं असेल, तर प्रत्येक धाव स्वतंत्र असते. ऑक्सफर्डच्या क्लायमेटप्रेडिक्शन प्रकल्पाने नेमकं हेच केलं. २००५ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी दोन हजारांहून अधिक धावांचा निष्कर्ष मांडला: हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमानवाढ १.९ ते ११.५ अंशांपर्यंत कुठेही असू शकते. वर्तमानपत्रांनी ११ उचलला आणि प्रकल्पाचा खरा मुद्दा, म्हणजे अनिश्चिततेचा पल्ला किती रुंद आहे हे, बाजूलाच राहिलं.

आता प्रोसेसरकडे वळतो, आणि गिम्प्सचंच काम जवळून पाहतो, कारण चिपचा कस त्याच्याइतका दुसरं काही काढत नाही. कसोटीची कृती शाळकरी आहे. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, ठरलेल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा वर्ग करा. फक्त हे तेरा-चौदा कोटी वेळा करायचं आणि दर वेळी संख्या चार कोटी अंकी. प्रत्येक पायरी आधीच्या बाकीवर उभी असल्यामुळे एक कसोटी दहा घरांत वाटता येत नाही. घरांना वेगवेगळे घातांक वाटतात. एवढ्या मोठ्या संख्येचा वर्ग शाळेतल्या पद्धतीने केला तर जन्म जाईल. म्हणून ती संख्या सत्तर-पंचाहत्तर लाख तुकड्यांत मोडून, फूरिये रूपांतर करून, तुकड्यांचे वर्ग घेऊन उलट रूपांतराने परत जोडतात. हे तुकडे ६४ बिटांच्या दशांश संख्या म्हणून साठवले की एकाच संख्येला साठेक एमबी जागा लागते.

सगळी मेख या साठ एमबीत आहे. बाजारातल्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरची तिसऱ्या पातळीची कॅशे, म्हणजे चिपवरचीच जलद मेमरी, १६ ते ३६ एमबी असते. संख्या तिच्यात मावत नाही, मग दर फेरीला ती मेमरीतून आणायची आणि परत ठेवायची. सोळा कोअर गणित करायला तयार असतात आणि मेमरीच्या दारात रांग लावून उभे राहतात. अशा वेळी कोअर वाढवून किंवा ओव्हरक्लॉक करून हाती फारसं लागत नाही. मेमरीची दुसरी पट्टी टाकून दोन्ही मार्ग सुरू केले तर फरक लगेच दिसतो. आपल्याकडे असेंबल करून मिळणाऱ्या कित्येक पीसींत सोळा जीबीची एकच पट्टी असते, ‘नंतर वाढवता येईल’ म्हणून. ते ‘नंतर’ सहसा येत नाही. एएमडीने २०२२ मध्ये प्रोसेसरवर कॅशेचा आणखी एक थर चढवून ती ९६ एमबीपर्यंत नेली. जाहिरात गेमिंगची होती, पण मूळ संख्या शोधणाऱ्यांना त्यात काय मिळालं हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या प्रकल्पात हीच चिप वेगळी वागते. ज्या कामाचा पसारा छोटा आणि कॅशेत मावणारा असतो, तिथे कोअर वाढले तसा वेग वाढतो, आणि एका कोअरवर दोन धागे चालवण्याची सोयही उपयोगी पडते. गिम्प्समध्ये तिने जवळपास काही मिळत नाही, कारण एकच धागा गणिताची सगळी यंत्रणा गुंतवून ठेवतो. ग्राफिक्स कार्डांचंही तसंच. फोल्डिंगचं बरंचसं गणित ३२ बिटांच्या अचूकतेत भागतं, म्हणून गेमिंगचं कार्ड तिथे राजा. ६४ बिटांची अचूकता लागली की तेच कार्ड पांगळं होतं: अलीकडच्या घरगुती एन्व्हिडिया कार्डांत या गणिताचा वेग ३२ बिटांच्या चौसष्टावा हिस्सा ठेवलेला असतो, कारण पूर्ण वेगाची कार्डं डेटा सेंटरांना विकायची असतात. मिल्की-वे-ॲट-होमवर २०१२ च्या आसपासची जुनी रेडिऑन कार्डं कितीतरी वर्षं नव्यांना भारी पडत राहिली ती यामुळेच. तेव्हा ‘यातलं फास्ट कोणतं?’ या प्रश्नाला ‘कशासाठी?’ विचारल्याशिवाय उत्तर नाही.

बॉइंकला मात्र सगळ्यांसाठी एक माप हवं होतं. त्याने व्हेटस्टोन ही कसोटी घेतली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये तयार झालेली. तिच्यावर एक गिगाफ्लॉप भरणारा संगणक दिवसभर चालला तर त्याला २०० गुण, असा हिशेब ठरला. पण ही कसोटी इतकी चिमुकली आहे की ती सर्वांत आतल्या कॅशेतच फिरते. मेमरीचा मार्ग अरुंद आहे का, चिपला एका फटक्यात आठ-आठ संख्यांचं गणित येतं का, यातलं काहीच ती विचारत नाही. वाळूत पळणाऱ्याची निवड सिमेंटच्या रस्त्यावर धावायला लावून करावी, तसं ते झालं. पुढे ग्राफिक्स कार्डं आली आणि गुणांची चलनवाढ झाली. काही प्रकल्प सढळ हाताने गुण वाटू लागले आणि गुणांच्या मागे लागलेले संघ तिकडे वळले. गुणांची स्पर्धा वाईट असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळे हजारो यंत्रं चालू राहिली. पण दोन प्रकल्पांतल्या गुणांची तुलना करून कुणी चिपबद्दल निष्कर्ष काढत असेल, तर तो सोडून द्यावा.

वेगाहून कठीण प्रश्न विश्वासाचा. अनोळखी माणसाच्या घरून आलेलं उत्तर खरं कशावरून? सेटीत गुण वाढवण्यासाठी खोटे निकाल पाठवणारे निघाले, म्हणून एकेक तुकडा दोन-तीन ठिकाणी पाठवून उत्तरं जुळवायची पद्धत पडली. याचा अर्थ दान मिळालेल्या गणिताचा निम्मा भाग पहाऱ्यात जातो. शिवाय सगळं प्रामाणिक असूनही उत्तरं जुळतीलच असं नाही. सर्नच्या सिक्सट्रॅक या प्रोग्रॅममध्ये एलएचसी या कणवेगकाच्या नळीत फिरणारे कण लाखो फेऱ्यांपर्यंत स्थिर राहतात का ते पाहायचं होतं. त्यांची गती अशी नाजूक की शेवटच्या बिटातला फरक फेऱ्यांगणिक वाढत जाऊन उत्तरच बदलायचा. इंटेल आणि एएमडीच्या यंत्रांवर घातांकी आणि लघुगणकी फलं शेवटच्या बिटात वेगळी येत होती. दोन्ही चिपा आपापल्या जागी बरोबर, आणि तरी निकाल जुळेना! अखेर फ्रान्समधल्या ल्यों इथे तयार झालेली, प्रत्येक वेळी नेमकं गोलाईकरण करणारी गणिती फलांची लायब्ररी वापरून हा तंटा मिटवला गेला.

आणि कधी चूक चिपचीच असते. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. उत्तर जुळेना म्हणून खोदत गेले आणि पेंटियमच्या भागाकारातच दोष सापडला. इंटेलला तो ४७.५ कोटी डॉलरना पडला. २०१६ च्या जानेवारीत गिम्प्सच्या प्राइम-९५ या प्रोग्रॅममुळे इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर गोठू लागले, तेही एका ठरावीक आकाराच्या गणितावर. इंटेलने दोष मान्य करून बायॉसमधून दुरुस्ती दिली. मूळ संख्यांशी काडीचं देणंघेणं नसलेले लोक नवा संगणक बांधला की रात्रभर प्राइम-९५ चालवतात ते उगीच नाही. ज्या यंत्रावर महिनोन्‌महिने गेम, व्हिडिओ, एक्सेल बिनतक्रार चालतं, ते इथे तासाभरात चुकतं.

गेल्या दहा वर्षांतली या क्षेत्रातली सर्वांत मोठी प्रगती मला विचाराल तर ती कुठल्या चिपची नाही. २०१७ मध्ये रॉबर्ट गेरबिच यांनी एक युक्ती सुचवली. मधल्या बाक्यांचा गुणाकार जपून ठेवायचा आणि ठरावीक अंतराने तो स्वतःशीच ताडून पाहायचा. चूक झाली असेल तर तिथल्या तिथे कळते आणि मागच्या शाबूत ठिकाणावरून पुन्हा सुरुवात करता येते. जुन्या पद्धतीत शंभरात साधारण एक-दोन कसोट्या चुकत आणि त्या पकडायला सगळ्याच दुसऱ्यांदा कराव्या लागत. २०२० पासून तर काम करणारं यंत्र निकालासोबत एक पुरावाही पाठवतं. दुसऱ्या यंत्राला तो तपासायला मूळ कामाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी वेळ लागतो. नवा प्रोसेसर न घेता जगभरच्या सगळ्या स्वयंसेवकांची ताकद जवळपास दुप्पट झाली. वेगाच्या तक्त्यांत ही गोष्ट कुठेच दिसत नाही.

एवढं करून मिळालं काय? सेटीला परग्रहवासी सापडले नाहीत. ३१ मार्च २०२० ला त्याने नवं काम पाठवणं थांबवलं, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीणही कोसळली. जमा झालेल्या अब्जावधी नोंदी चाळण्याचं शेवटचं काम, गंमत म्हणजे, हॅनोव्हरच्या एका मोठ्या संगणक-समूहावर झालं. आइनस्टाइन-ॲट-होमचं खातं जास्त भरीव आहे. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतल्या आयोवातलं एक दांपत्य आणि जर्मनीतल्या माइंत्सचा एक स्वयंसेवक यांच्या संगणकांनी एक नवा पल्सार पकडला, सेकंदाला ४०.८ वेळा फिरणारा. त्यानंतर डझनावारी सापडले. प्रकल्पाचं मूळ लक्ष्य, एकट्या न्यूट्रॉन ताऱ्याकडून सतत येणारी गुरुत्वीय लहर, अजून हाती लागलेली नाही. ताऱ्याची वारंवारता ठाऊक नाही, आकाशातली जागा ठाऊक नाही, पृथ्वी स्वतः फिरतेय. महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी प्रत्येक शक्यतेशी ताडून पाहायच्या. गणित जितकं जास्त करू तितकी क्षीण लहर पकडता येईल, म्हणजे संगणक हाच दुर्बिणीचा भाग होतो. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून गुरुत्वीय लहरींसाठी अशा ताडून पाहण्याच्या पद्धती घडवल्या. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ इथे लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तिथल्या नोंदी येऊ लागल्या की या कामाची भूक वाढणारच आहे.

फोल्डिंगचा उच्चांक करोनाच्या साथीतला. घरात कोंडल्या गेलेल्या लोकांनी २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये इतके संगणक जोडले की एकूण वेग २.४ एक्झाफ्लॉप्सच्या घरात गेला. त्या वेळचा जगातला पहिल्या क्रमांकाचा महासंगणक याच्या दहाव्या हिश्श्यालाही पोचत नव्हता. पण काम वाटणारे सर्व्हर कमी पडले, आणि देणारे तयार असून पुष्कळ यंत्रं काही काळ रिकामी बसली. विषाणूच्या प्रथिनांच्या हालचालींची (काटेरी प्रथिन कसं उघडतं तेही त्यात आलं) त्यांनी केलेली नक्कल सगळे तुकडे मिळून ०.१ सेकंदाची होती. रेणूंच्या जगात हा काळ अवाढव्य. २०२१ मध्ये ते ‘नेचर केमिस्ट्री’त आलं.

मग ओहोटी का? एक कारण कृत्रिम बुद्धिमत्ता. प्रथिनाची घडी ओळखण्याचं काम अल्फाफोल्ड या प्रोग्रॅमने इतकं सोपं केलं की रोझेटा-ॲट-होमला पूर्वीसारखं काम उरलं नाही. त्याचे प्रमुख डेव्हिड बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण त्यांची प्रयोगशाळा तोवर स्वतःच शिकणाऱ्या यंत्रांकडे वळली होती, आणि तशी यंत्रं शिकवायला एकमेकांना घट्ट जोडलेली ग्राफिक्स कार्डं लागतात. दुसरं कारण, लोकांच्या घरात डेस्कटॉपच उरले नाहीत. फोनवर बॉइंक चालतं, पण फक्त चार्जिंगला आणि वायफायवर असताना. तिसरं कारण विजेचं.

१९९९ चा पीसी रिकामा असला काय नि कामात असला काय, वीज जवळपास तेवढीच घ्यायचा. म्हणून ‘नाहीतरी वाया जातंय’ हे तेव्हा बरंचसं खरं होतं. आजचा प्रोसेसर रिकामा असताना पेंगतो. त्याला रात्रंदिवस राबवलं आणि शंभर वॉट जादा लागले तर महिन्याला ७२ युनिट होतात. महावितरणच्या २६० युनिटांच्या ग्राहकाला ते तीनशेच्या वरच्या टप्प्यात ढकलतात. जर्मनीत हिवाळ्यात ही उष्णता खोली गरम करते. मराठवाड्यात मे महिन्यात ती बाहेर काढायला आणखी वीज लागते. तेव्हा हे फुकटचं गणित आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ही देणगी आहे, बिल तुमच्या नावाने येतं.

तरीही ज्याला द्यायची आहे त्याने खुशाल द्यावी, डोळे उघडे ठेवून. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्याचे शोधनिबंध आले आहेत असाच प्रकल्प निवडा. तो ३२ बिटांवर चालतो की ६४, मेमरीवर अडतो की कोअरवर, हे आधी बघा आणि मगच आपलं यंत्र त्याला जुळतं का ते ठरवा. त्याच्यासाठी नवं यंत्र घेऊ नका. बायॉसमध्ये विजेची मर्यादा खाली आणा: अलीकडच्या मोठ्या डेस्कटॉप चिपांत वीज निम्म्यावर आली तरी वेग साधारण पाचव्या हिश्श्यानेच घटतो. लॅपटॉप या कामाला लावू नका. दिवसा यंत्र चालूच असेल तेव्हा अर्धे कोअर द्या, रात्री बंद करा. आणि यंत्र ऑफिसचं किंवा कॉलेजचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका कॉलेजात संगणक सांभाळणाऱ्या माणसाने न विचारता तिथल्या यंत्रांवर डिस्ट्रिब्यूटेड-डॉट-नेट बसवलं होतं. त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला आणि २००२ मध्ये दंड व वर्षभराच्या प्रोबेशनवर तो कसाबसा मिटला.